उसना आवाज : नासर यांच्या इजिप्तमधला सोव्हिएत प्रचार

५ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मॉस्कोहून चार पत्रे निघाली. चारही पत्रांखाली सोव्हिएत पंतप्रधान निकोलाय बुल्गानिन यांची सही होती. एक पत्र ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना होते, एक फ्रान्सचे गी मॉले यांना, एक इस्राएलचे बेन-गुरिऑन यांना आणि चौथे अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना. त्या वेळी यांतल्या पहिल्या तीन देशांनी मिळून इजिप्तवर चढाई केली होती आणि त्याच दिवशी पहाटे पोर्ट सैदमध्ये हवाई छत्रीधारी सैनिक उतरले होते. ईडन यांच्या पत्रात विचारले होते की, आधुनिक विध्वंसक शस्त्रे बाळगणाऱ्या, तुमच्याहून बलाढ्य देशांनी ब्रिटनवर हल्ला केला असता तर तुमची अवस्था काय झाली असती? अशा देशांना आरमार किंवा विमाने पाठवायचीही गरज नाही, रॉकेटेही वापरता येतात, अशी पुस्तीही त्यात जोडली होती.

६ तारखेच्या मध्यरात्री ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध थांबवले.

कैरोत, दमास्कसमध्ये, अम्मानमध्ये लोकांनी एवढाच क्रम पाहिला. आधी रशियाचे पत्र, मग युद्धबंदी. एकामुळे दुसरे घडले, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे अरब जगात सोव्हिएत संघाची जी पत होती, तिचा मोठा वाटा या एका रात्रीत जमा झाला. आणि आदल्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरून हंगेरीतला उठाव चिरडत होते.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते या दोन तारखांमुळे. ज्या आठवड्यात एक महासत्ता एका छोट्या देशाचे स्वातंत्र्य चिरडते, त्याच आठवड्यात ती दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याची कैवारी म्हणून डोक्यावर घेतली जाते. हे जमले कसे? सोव्हिएत प्रचारयंत्रणा अवाढव्य होती म्हणून, हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. यंत्रणा मोठी होती हे खरे, पण अरबांच्या कानांपर्यंत जो आवाज पोचला तो मॉस्कोचा नव्हताच. तो कैरोचा होता, मॉस्कोने तो उसना घेतला होता. इजिप्तमधला सोव्हिएत यशाचा आणि अपयशाचा सगळा हिशेब मला या उसनवारीत दिसतो.

पाटी कोरी नव्हती

१९५५ च्या आधी अरबांनी मॉस्कोवर विश्वास ठेवावा असे फारसे काही नव्हते. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा सोव्हिएत संघाने फाळणीच्या बाजूने मत दिले. मे १९४८ मध्ये इस्राएल जन्माला आल्यावर तीन दिवसांत त्याला कायदेशीर मान्यता देणारा पहिला देश सोव्हिएत संघच होता. त्या युद्धात इस्राएलला लागलेली शस्त्रे चेकोस्लोव्हाकियातून आली, आणि ती स्टालिनच्या संमतीशिवाय येणे शक्य नव्हते. पॅलेस्टाइनमधून परागंदा झालेल्या माणसाला हे सगळे ठाऊक होते.

२३ जुलै १९५२ रोजी नासर आणि त्यांच्या सहकारी लष्करी अधिकाऱ्यांनी इजिप्तमध्ये सत्ता हाती घेतली, तेव्हाही मॉस्कोला आनंद झाला नाही. त्याच वर्षी निघालेल्या सोव्हिएत विश्वकोशाच्या खंडात या अधिकाऱ्यांची नोंद अमेरिकेशी लागेबांधे असलेला प्रतिगामी गट अशी झाली. या रागाला कारणही होते. सत्तांतराला महिनाही झाला नव्हता, तोच कफ्र अद-दव्वारच्या कापडगिरणीत संप पेटला. नव्या राजवटीने तो मोडून काढला आणि सप्टेंबरमध्ये दोन कामगारांना फासावर चढवले. गिरणीकामगारांच्या लढ्यांची आठवण ज्या महाराष्ट्रात अजून जिवंत आहे तिथल्या वाचकाला या फाशीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

थोडक्यात, दोन्ही बाजूंच्या मनात अढी होती. ती सुटली ती प्रचाराने नव्हे.

कापूस देऊन शस्त्रे

मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि मॉस्कोचे धोरण हळूहळू वळू लागले. जानेवारी १९५४ मध्ये सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत सीरियाच्या बाजूने नकाराधिकार वापरला. प्रश्न जॉर्डन नदीच्या पाण्याचा होता. मार्चमध्ये सुएझ कालव्यातल्या इस्राएली वाहतुकीच्या प्रश्नावर इजिप्तच्या बाजूने पुन्हा वापरला. अरब वर्तमानपत्रांत या दोन मतांना जी जागा मिळाली ती मॉस्कोच्या शेकडो पत्रकांना मिळाली नसती.

मग फेब्रुवारी १९५५ उजाडला. २४ तारखेला तुर्कस्तान आणि इराक यांनी करार केला, तोच पुढे बगदाद करार म्हणून ओळखला गेला आणि ब्रिटनही त्यात सामील झाले. नासर यांच्या दृष्टीने साम्राज्य एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत येत होते. चारच दिवसांनी इस्राएली सैन्याने गाझामधल्या इजिप्शियन छावणीवर छापा घातला, त्यात तीसहून अधिक माणसे मेली. नासर यांना शस्त्रे हवी होती. वॉशिंग्टन आणि लंडन अटी घालत होते, चालढकल करत होते.

एप्रिलमध्ये बांडुंगच्या आफ्रो-आशियाई परिषदेच्या वाटेवर नासर यांची चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याशी गाठ पडली आणि रशियाकडून शस्त्रे मिळतील का, हा विषय निघाला. जुलैमध्ये क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या सोहळ्याला मॉस्कोहून पाहुणे आले दिमित्री शेपिलोव्ह. शेपिलोव्ह तेव्हा 'प्रावदा'चे संपादक होते. सोव्हिएत संघातल्या सर्वांत मोठ्या वृत्तपत्राचा संपादक कैरोत आला आणि त्याने आणलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लेख नव्हती, शस्त्रांच्या सौद्याची तयारी होती. या प्रकरणातली ही खूण मला फार बोलकी वाटते. पुढच्या सगळ्या वर्षांत मॉस्कोचे शब्द तेव्हाच लागू पडले, जेव्हा त्यांच्या पाठीशी डोळ्यांना दिसणारी वस्तू होती.

२७ सप्टेंबर १९५५ रोजी कैरोत लष्कराच्या एका छायाचित्र प्रदर्शनाचे उद्घाटन करताना नासर यांनी करार जाहीर केला. नाव चेकोस्लोव्हाकियाचे होते, माल सोव्हिएत होता : मिग-१५ लढाऊ विमाने, इल्युशिन-२८ बॉम्बर, रणगाडे. मोबदल्यात इजिप्तचा कापूस जाणार होता. भाषणात साम्यवादाचा उच्चार नव्हता. आम्ही पश्चिमेकडे मागितले, त्यांनी अटी घातल्या, म्हणून आम्ही दुसरीकडून घेतले, एवढेच सांगणे होते. सीरिया, लेबनॉन, जॉर्डन इथून अभिनंदनाचा वर्षाव झाला. १९४८ मध्ये इस्राएलला शस्त्रे पुरवणारा तोच चेकोस्लोव्हाकिया होता, पण ते आता कुणी काढले नाही.

दोनच महिन्यांनी हीच रीत आपल्या दाराशी आली. नोव्हेंबर १९५५ मध्ये बुल्गानिन आणि सोव्हिएत पक्षप्रमुख क्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते. इथे त्यांनी मार्क्सवादाचे धडे दिले नाहीत. भारतीय मनाला जे बोचत होते त्यावर बोट ठेवले : काश्मीर आणि गोवा. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता गेली पाहिजे, हे त्यांनी उघड सांगितले. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी २ डिसेंबरला पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर संयुक्त निवेदन काढले आणि त्यात गोव्याची गणना पोर्तुगालच्या प्रांतांत झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या होत्या, त्यांत महाराष्ट्रातली माणसे होती. त्यांच्या घरांत हे निवेदन कसे वाचले गेले असेल, याची कल्पना करता येते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला. सोव्हिएत संघाने तो नकाराधिकाराने अडवला, आणि विरोधात मत देणाऱ्या चार देशांमध्ये नासर यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचे इजिप्तही होते. नासर यांच्या लोकांना मॉस्को का आवडू लागले, हे समजायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

तो आठवडा

१९ जुलै १९५६ रोजी डलेस यांनी नाईल नदीवरच्या नियोजित अस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली. २६ जुलैला अलेक्झांड्रियाच्या मैदानात नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. २९ ऑक्टोबरला इस्राएलने सिनाईत सैन्य घातले, ३१ ला ब्रिटिश आणि फ्रेंच विमानांनी बॉम्बफेक सुरू केली.

युद्ध पेटले तेव्हा सीरियाचे अध्यक्ष शुक्री अल-कुवतली मॉस्कोच्या दौऱ्यावर होते. इजिप्तला मदत करा, असा त्यांनी क्रेमलिनमध्ये आग्रह धरला. इजिप्शियन पत्रकार मोहम्मद हसनैन हेकल यांनी नोंदवले आहे की, त्यावर सोव्हिएत संरक्षणमंत्री मार्शल झुकोव्ह यांनी नकाशा पसरून विचारले : आम्ही तिथे पोचायचे कसे? इराण, तुर्कस्तान ओलांडून जायचे का? या आठवणीतला शब्दन् शब्द बरोबर असो वा नसो, तिच्यामागची वस्तुस्थिती पक्की आहे. सोव्हिएत संघ इजिप्तसाठी लढायला तयार नव्हता. इजिप्तमध्ये असलेले सोव्हिएत प्रशिक्षक लढाईत उतरले नाहीत. ५ तारखेची पत्रे निघाली तोवर ब्रिटन आणि अमेरिका एकमेकांपासून किती दुरावले आहेत, हे मॉस्कोला दिसून चुकले होते. धमकीची किंमत मोजावी लागणार नाही, असा अंदाज बांधूनच ती दिली गेली, असे माझे मत आहे. आयसेनहॉवर यांच्या पत्रात तर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून सैन्य उतरवावे असा प्रस्ताव होता. अमेरिका तो मान्य करणार नाही हे उघड होते, आणि वॉशिंग्टनने तो अकल्पनीय म्हणून झिडकारलाही.

युद्ध थांबले ते मुख्यतः डॉलरमुळे. पौंडावर प्रचंड ताण आला होता, ब्रिटनची गंगाजळी आटत होती आणि युद्धबंदी होईपर्यंत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून आधार मिळू द्यायला अमेरिका राजी नव्हती. मंत्रिमंडळात हा हिशेब मांडला तो अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी, जे सुरुवातीला युद्धाचे कट्टर समर्थक होते. पण परकीय चलनाचा ताळेबंद रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. रॉकेटचे पत्र दिसते. बरे, अमेरिकेनेही आपली बाजू अरबांपुढे नेटाने मांडली नाही. आपल्याच जुन्या मित्रांना आपण कसे वाकवले, हे चौकात सांगणे तिला अवघड होते. दोन महिन्यांत तिने आयसेनहॉवर सिद्धान्त पुढे केला आणि पश्चिम आशियाला साम्यवादाच्या धोक्याचा इशारा दिला. पोर्ट सैदच्या भिंतींवरची भगदाडे ब्रिटिश आणि फ्रेंच तोफगोळ्यांची होती, आणि धोका मात्र रशियाचा सांगितला जात होता. श्रेय मॉस्कोकडे चालत गेले.

ते चालत गेले कुणाच्या पायांनी? इथे रेडिओचा भाग येतो आणि तो मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

४ जुलै १९५३ रोजी कैरोहून 'सौत अल-अरब', म्हणजे अरबांचा आवाज, हा कार्यक्रम सुरू झाला. आरंभी तो अर्ध्या तासाचा होता. काही वर्षांत ते मोरोक्कोपासून येमेनपर्यंत ऐकले जाणारे स्वतंत्र केंद्र बनले. निवेदक अहमद सईद यांचा तापलेला स्वर, गाणी, नासर यांची भाषणे, सगळे बोलीच्या अंगाने जाणाऱ्या, अंगावर येणाऱ्या अरबीत. चहाच्या दुकानात एक रेडिओ आणि भोवती वीस माणसे, अशी ऐकण्याची रीत होती. ज्याला वाचता येत नव्हते तोही ऐकत होता. मॉस्को रेडिओची अरबी सेवाही होती. तिची अरबी व्याकरणशुद्ध होती, तिच्यात उत्पादनाचे आकडे होते, पक्षाचे ठराव होते. लोक कान देत ते कैरोला.

या केंद्राचे बळ ब्रिटिशांना नीट कळले होते. २ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्या विमानांनी कैरोजवळच्या अबू झाबलचे प्रक्षेपण केंद्र बॉम्ब टाकून बंद पाडले. त्यावर दमास्कस रेडिओने घोषणा केली : 'हुना अल-काहिरा', हे कैरो आहे. शहर दुसरे, ध्वनिक्षेपक दुसरा, आवाज तोच राहिला. उलट ब्रिटिशांनी सायप्रसमधले आपले लोकप्रिय अरबी केंद्र 'अश-शर्क अल-अदना' ताब्यात घेऊन त्याचे 'व्हॉइस ऑफ ब्रिटन' केले, तेव्हा तिथल्या अरब कर्मचाऱ्यांनी काम सोडले. ब्रिटनजवळ यंत्रे होती, त्यांतून बोलायला माणसे उरली नाहीत. सोव्हिएत बाजूला नेमके उलटे झाले. माणसे त्यांची नव्हती, तरी ती त्यांच्याबद्दल बरे बोलत होती, आणि ते ऐकणाऱ्याला मनापासूनचे वाटत होते, कारण ते मनापासूनचेच होते.

हंगेरीचे काय? संयुक्त राष्ट्रांत चर्चा झाली, पश्चिमेने आवाज उठवला. पण ज्यांची विमाने कैरोवर घिरट्या घालत होती त्यांच्या तोंडून बुडापेस्टची कणव अरबांना ऐकवेना. हंगेरीतल्या माणसांच्या दुःखाला त्या आठवड्यात अरब जगात वालीच मिळाला नाही, आणि ही गोष्ट आजही मला अस्वस्थ करते. ईडन आणि मॉले यांनी इजिप्तवर जो अन्याय केला, त्याच्या आडोशाला दुसरा अन्याय सुखाने पार पडला. १० नोव्हेंबरला मॉस्कोने पुढचे पाऊल टाकले : इजिप्तमधून परकी सैन्य हटले नाही तर सोव्हिएत स्वयंसेवकांना तिकडे जाण्यापासून रोखणार नाही. एकही स्वयंसेवक गेला नाही. बातमी मात्र गेली.

मॉस्कोचे स्वतःचे दुकान

यानंतर सोव्हिएत यंत्रणा खरोखरच कामाला लागली. डिसेंबर १९५७ च्या अखेरीस कैरोत आफ्रो-आशियाई जनतेची ऐक्य परिषद भरली. सोव्हिएत प्रतिनिधिमंडळाचे नेतृत्व कुणा रशियन माणसाकडे दिले नव्हते, ते उझबेकिस्तानचे शराफ रशिदोव्ह यांच्याकडे होते. चेहरा आशियाई, नाव मुस्लिम, स्वतः लेखक. आम्हीही वसाहत होतो आणि समाजवादाने पुढे आलो, हे सांगायला याहून योग्य माणूस मिळाला नसता. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ताश्कंदला आफ्रो-आशियाई लेखकांची परिषद झाली. अरब पाहुण्यांना ताश्कंद, बुखारा, समरकंद दाखवले जाई. बुखाऱ्यातला मीर-ए-अरब मदरसा, ताश्कंदचे मुफ्ती, हजला निघालेली मोजक्या यात्रेकरूंची तुकडी, हे सारे कार्यक्रमात असे. त्याच काळात क्रुश्चेव्ह यांच्या धर्मविरोधी मोहिमेत त्याच प्रजासत्ताकांतल्या मशिदींना कुलपे लागत होती. ती पाहुण्यांच्या वाटेवर येत नसत.

मॉस्कोहून स्वस्त, देखणी पुस्तके अरबीत येऊ लागली. आपल्याकडे लोकवाङ्मय गृहामार्फत मराठीत आलेली गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तके ज्यांनी लहानपणी हाताळली आहेत, त्यांना ती अरबी भावंडे डोळ्यांपुढे आणता येतील. १९६० मध्ये मॉस्कोत मैत्री विद्यापीठ उघडले, पुढे त्याला काँगोचे नेते लुमुम्बा यांचे नाव मिळाले, आणि अरब मुले तिथे वैद्यकी, अभियांत्रिकी शिकू लागली. या कामाला मी कमी लेखत नाही. त्यातून डॉक्टर घडले, अनुवादक घडले, चेखॉव्ह आणि गॉर्की अरबी वाचकाच्या घरी पोचले. पण मत वळवण्याच्या हिशेबात याचा वाटा लहान होता. पुस्तक वाचून कुणी नासर सोडून लेनिनकडे गेला, असे मोठ्या प्रमाणावर कुठे घडले नाही.

तुरुंगातले कॉम्रेड

उसन्या आवाजाची किंमत काय, हे १९५८-५९ मध्ये दिसले. फेब्रुवारी १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले. सीरियन कम्युनिस्ट पक्षाचे नेते खालिद बकदाश यांनी या एकीकरणाला विरोध केला आणि ते देशाबाहेर गेले. जुलैमध्ये इराकमध्ये क्रांती झाली, तिथल्या कासिम राजवटीत कम्युनिस्टांचे बळ वाढले आणि नासर यांना ते आव्हान वाटू लागले. २३ डिसेंबर १९५८ रोजी पोर्ट सैदच्या सभेत, म्हणजे सुएझच्या विजयाच्या स्मरणदिनी, त्यांनी कम्युनिस्टांवर उघड हल्ला चढवला. १ जानेवारी १९५९ च्या पहाटेपासून इजिप्तभर धरपकड सुरू झाली. लेखक, प्राध्यापक, कामगार नेते, विद्यार्थी शेकड्यांनी उचलले गेले.

त्या सभेनंतर चारच दिवसांनी, २७ डिसेंबरला, कैरोत अस्वान धरणाच्या पहिल्या टप्प्यासाठी सोव्हिएत कर्जाच्या करारावर सह्या झाल्या. कर्ज ४० कोटी रुबलचे होते, व्याज अडीच टक्के.

मॉस्कोने नाराजी दाखवली नाही असे नाही. जानेवारीतल्या पक्षाच्या एकविसाव्या अधिवेशनात क्रुश्चेव्ह यांनी या छळावर टीका केली. मार्चमध्ये त्यांनी नासर यांना तापट तरुण म्हटले. आता कैरोच्या रेडिओवरून मॉस्कोवरच तोफ डागली जाऊ लागली, आणि तेव्हा मॉस्को रेडिओचा आवाज किती क्षीण आहे हे सर्वांना कळले. ज्या कानांत नासर यांचे शब्द होते, त्यांत क्रुश्चेव्ह यांचे शब्द शिरेनात. काही महिन्यांत मॉस्कोने सूर खाली आणला. धरण चालू राहिले.

तुरुंगही चालू राहिले. लेबनॉनचे कम्युनिस्ट नेते फरजल्ला अल-हेलू यांचा १९५९ मध्ये दमास्कसच्या कोठडीत छळ करून जीव घेतला गेला. १५ जून १९६० रोजी इजिप्शियन विचारवंत शुहदी अतिया अश-शाफी अबू झाबलच्या तुरुंगात मारहाणीत मेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरणाच्या दुसऱ्या टप्प्याचा करार झाला, ९० कोटी रुबलचा.

ही माणसे सोव्हिएत संघाला आपले घर मानत होती. 'प्रावदा'त त्यांच्या देशाचे कौतुक छापून येत होते आणि त्यांच्यावर खारगाच्या वाळवंटी छावणीत दिवस काढायची पाळी आली होती. परराष्ट्रधोरणाची गरज म्हणून याची समजूत घालता येते, अनेकांनी घातलीही. मला ती पुरी पडत नाही. एखादी सत्ता परक्यांची मने जिंकण्यासाठी जे सांगते आणि ज्यांनी तिच्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवला त्यांच्याशी जसे वागते, या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात मांडल्या पाहिजेत. मे १९६४ मध्ये क्रुश्चेव्ह इजिप्तला येणार म्हणून उरलेले कैदी सुटले. पुढल्या वर्षी इजिप्तच्या कम्युनिस्टांनी आपला पक्षच विसर्जित केला.

धरण कुणाचे?

९ मे १९६४ रोजी क्रुश्चेव्ह यांचे जहाज अलेक्झांड्रियाला लागले. स्वागताला लोटलेली गर्दी, फुले, झेंडे. १४ मे रोजी अस्वानला नाईलचा प्रवाह वळवण्याचा सोहळा झाला. अल्जीरियाचे बेन बेला आले होते, इराकचे अध्यक्ष अब्दुल सलाम आरिफ आले होते. क्रुश्चेव्ह यांनी नासर यांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब दिला. प्रचाराच्या दृष्टीने याहून मोठे दृश्य मिळणे कठीण. अमेरिकेने नाकारलेले धरण रशियाने बांधून दाखवले, आणि जगातल्या सर्वांत जुन्या संस्कृतींपैकी एकीची जीवनवाहिनी त्या दिवशी नव्या पात्रात शिरली.

त्याच दौऱ्यात मात्र ठिणगी उडाली. आरिफ अरब ऐक्यावर बोलले, नासरही तेच बोलत होते. क्रुश्चेव्ह यांना राहवले नाही. फक्त अरबांनी एक व्हावे असे म्हणता, मग इथे राबणाऱ्या आम्हा रशियनांचे काय, ऐक्य तर कष्टकऱ्यांचे हवे, अशा आशयाचे ते जाहीरपणे बोलले. सभेत बसलेल्यांना ते रुचले नाही. मला वाटते, या दौऱ्यात मॉस्को स्वतःच्या आवाजात बोलले ते एवढेच, आणि नेमके तेच कुणाला ऐकायचे नव्हते.

हीच ओढाताण पडद्यावरही झाली. धरणावर दोन्ही देशांच्या संयुक्त निर्मितीतून चित्रपट करायचे ठरले आणि ते काम युसूफ शाहीन या मोठ्या इजिप्शियन दिग्दर्शकाकडे आले. १९६८ मध्ये तयार झालेली पहिली आवृत्ती ना कैरोला पसंत पडली ना मॉस्कोला. शाहीन यांना माणसांची गोष्ट सांगायची होती, त्यांतल्या एकटेपणासह, तर सरकारांना स्मारक हवे होते. दुसरी आवृत्ती करावी लागली आणि ती १९७२ मध्ये पडद्यावर आली.

धरणाच्या कामावर गेलेल्या इजिप्शियन माणसांच्या बोलण्यात धरण आपले होते. मातीकामाचा ठेका उस्मान अहमद उस्मान यांच्या अरब काँट्रॅक्टर्सकडे होता. अस्वानच्या उन्हात आणि ग्रॅनाइटच्या खडकात सोव्हिएत यंत्रांचा काही भाग टिकेना, तेव्हा ब्रिटिश डंपर आणि स्वीडिश बनावटीची खडक फोडणारी यंत्रे मागवली गेली. सोव्हिएत अभियंते आणि तंत्रज्ञ तिथे वर्षानुवर्षे राहिले, घाम गाळला, कामगारांना हुन्नर शिकवला. त्यांच्याबद्दल लोकांना आदर होता, तो प्रचाराने निर्माण केलेला नव्हता. आणि धरणाच्या पोटात गेलेल्या गावांतले सुमारे ५० हजार न्यूबियन इजिप्तच्या बाजूचे विस्थापित झाले, सुदानच्या बाजूचे वेगळे. कोयनेच्या काठची माणसे ओळखतील असे ते दुःख होते. विस्थापितांचे सामान बोटींवर चढत असताना मॉस्को, कैरो आणि अरबांचा आवाज, तिघेही फक्त प्रगतीबद्दल बोलत होते.

१११ मीटर उंच, जवळपास पावणेचार किलोमीटर लांब असे ते धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला नाव पडले नासर सरोवर.

आवाज फुटला

मे १९६७ मध्ये मॉस्कोने कैरोला कळवले की इस्राएलने सीरियाच्या सीमेवर मोठी फौज गोळा केली आहे. ही माहिती खोटी होती. नासर यांनी पाठवलेले लष्करप्रमुख मोहम्मद फौजी सीरियात जाऊन पाहून आले, त्यांना तशी जमवाजमव दिसली नाही. तरी सैन्य सिनाईत गेले, इस्राएली जहाजांना तिरानची सामुद्रधुनी बंद झाली आणि ५ जूनला युद्ध पेटले. पहिल्या काही तासांत इजिप्तचे हवाई दल जमिनीवरच संपले होते, आणि 'सौत अल-अरब'वर अहमद सईद शत्रूची विमाने धडाधड पाडल्याचे सांगत होते. खरे कळले तेव्हा अरबांचा त्या आवाजावरचा विश्वास उडाला. थोड्याच काळात सईद यांना जावे लागले.

मॉस्कोने १० जूनला इस्राएलशी संबंध तोडले, विमाने आणि रणगाडे पुन्हा भरून दिले, हजारो सल्लागार पाठवले, १९७० मध्ये स्वतःचे वैमानिक आणि क्षेपणास्त्र पथके इजिप्तच्या आकाशात उतरवली. १९५६ मध्ये जे फक्त कागदावर होते ते आता खरोखर केले, माणसे गमावली. पण १९५६ मध्ये कागदाने जे मिळवले ते या रक्ताने मिळाले नाही. मॉस्कोच्या बाजूने बोलणारा आवाज आता उरला नव्हता, आणि जवळ राहणाऱ्या परक्या सल्लागाराचा अधिकारी लोकांना जाच वाटू लागला होता.

सप्टेंबर १९७० मध्ये नासर गेले. १५ जानेवारी १९७१ रोजी इजिप्तचे नवे अध्यक्ष अन्वर सादात आणि सोव्हिएत अध्यक्ष पॉदगोर्नी यांनी धरणाचे उद्घाटन केले. धरणाशेजारी कमळाच्या पाकळ्यांच्या आकाराचा उंच मनोरा उभा राहिला, अरब-सोव्हिएत मैत्रीचे स्मारक म्हणून. मे १९७१ मध्ये मैत्रीचा करार झाला. जुलै १९७२ मध्ये सादात यांनी सोव्हिएत लष्करी सल्लागारांना देश सोडायला सांगितले. कैरोत त्याविरुद्ध कुणी रस्त्यावर आले नाही.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्शियन सैन्याने सुएझ कालवा ओलांडला. पूल सोव्हिएत बनावटीचे होते, रणगाड्यांवर सुटलेली क्षेपणास्त्रे सोव्हिएत होती, विमानांना दूर ठेवणारी क्षेपणास्त्रेही सोव्हिएत होती. इजिप्तमध्ये त्या दिवसाला 'अल-उबूर' म्हणतात, म्हणजे पार जाणे. तिथली पोरे शाळेत त्याचा धडा शिकतात, आणि त्या धड्यात पार जाणारे इजिप्शियन असतात.